गाडीची खोड

जेवणाच्या टेबलावर जुनी चादर अंथरलेली दिसली की आई समजून जायची, आज ताट मांडीवर.

"टेबल आम्हाला परत कधी मिळणार?" तिनं शिलाई मशीनवरून मान वर न करता विचारलं.

"संध्याकाळी," चिमटी म्हणाली.

"कुठल्या संध्याकाळी, तेही सांगून टाक म्हणजे बरं."

खिडकीपाशी चाकांच्या खुर्चीत बसलेले बाबा हसले. म्हणजे तोंडाची डावी बाजू हसली. उजवी अजून रुसलेलीच होती.

चिमटी हे काही तिचं खरं नाव नव्हे. ती एका लॅबमध्ये कवळ्या बनवायची, आणि तिथं सगळे तिला मॅडम म्हणायचे. पण लहानपणी बाबा गाडी खोलून बसले की सांडलेले बारीक स्क्रू उचलून द्यायचं काम तिच्या बोटांकडं असायचं, तेव्हापासून घरात ती चिमटी. बाबांना झटका आल्यावर जो एकच शब्द त्यांच्या तोंडातून धड बाहेर पडायचा, तोही हाच. पाणी हवं असलं तरी "चिमटे", खिडकी लावायची असली तरी "चिमटे", आणि समोर आई उभी असली तरीसुद्धा "चिमटे". "माझं नाव तेवढं बरं विसरले," आई म्हणायची आणि मुद्दाम भांडी आपटायची. पण त्या एका शब्दातून त्यांना काय हवंय हे सगळ्यांत आधी तिलाच कळायचं.

चादरीवर बाबांची गाडी उघडी पडली होती. रिमोटवर चालणारी, हातभर लांब, मागच्या चाकांच्या जोरावर पळणारी. चिमटी शाळेत असताना सुटे भाग आणून बाबांनी ती स्वतः जुळवली होती. बाबा लिफ्ट दुरुस्त करायचे. दिवसभर लोकांच्या इमारतींच्या पोटात लोंबकळून आलेला माणूस संध्याकाळी घरातल्या लांबलचक बोळात गाडी पळवायचा, आणि आई पाय वर घेऊन ओरडायची, "अहो, माझे घोटे!"

गाडीच्या भागांना त्यांनी आपल्या मनची नावं ठेवली होती. चाकं धरणाऱ्या दांड्या म्हणजे हात. धक्के सोसणाऱ्या स्प्रिंगा म्हणजे गुडघे. पुढची चाकं वळवणारी छोटी मोटर ती मान. आणि मागच्या बाजूला दातेरी चाकांनी भरलेला लिंबाएवढा डबा, जो मोटरची फिरकी दोन्ही चाकांना वाटून देतो, त्याला सगळी दुनिया डिफरन्शियल म्हणते. बाबा म्हणायचे, खोड.

आणि ती होतीच खोड! हा डबा असा बसवा की तसा बसवा, झाकण तितक्याच प्रेमानं लागतं. पण उलटा बसला, तर रिमोटवर 'पुढं' दाबलं की गाडी मागं येते. बाबा तो दर वेळी उलटाच बसवायचे. अहो, दर वेळी म्हणजे दर वेळी! लिफ्टची अख्खी वायरिंग डोळे मिटून लावणारा माणूस, पण इथं आला की हमखास फसायचा. गाडी सुसाट मागं येऊन त्यांच्याच पायावर आदळायची, आणि त्यांना त्याची जराही लाज वाटायची नाही. "आधी परत यायला शिकू दे," ते म्हणायचे, "मग जाऊ दे कुठं जायचं तिथं. लिफ्टवाल्याला वर जायचं कौतुक नसतं, खाली परत येण्याचं असतं." मग बेसूर शीळ घालत सगळे स्क्रू पुन्हा काढायला बसायचे. अर्थात चष्मा सापडला तर. तो बहुतेक वेळा त्यांच्याच डोक्यावर चढलेला असायचा, आणि महाशय घर पालथं घालत असायचे.

झटका आला तो बोळातच आला. बाबा कोसळले, बोट रिमोटवर दाबलेलं राहिलं, गाडी थेट दारावर जाऊन आपटली आणि तिचा पुढचा उजवा हात मोडला. बाबांचीही उजवीच बाजू गेली. तेव्हा गाडीकडं बघायची शुद्ध कुणाला होती! पण जरा स्थिरस्थावर झाल्यावर बाबा खुर्चीतून कपाटावरच्या गाडीकडं टक लावून बसायला लागले. "चिमटे," म्हणायचे. त्या वेळचं 'चिमटे' पाण्यासाठीचं नसायचं. गाडी पुन्हा पळाली पाहिजे आणि बाबांनी ती पळवली पाहिजे, एवढं तिनं मनाशी पक्कं केलं.

"हा हात? हा आता कुठं मिळतोय!" खेळण्यातल्या गाड्यांचे भाग विकणारा दुकानदार म्हणाला. त्यानं मोडका तुकडा जुन्या मित्राचा फोटो बघावा तसा बघितला. "हे मॉडेल बंद होऊन जमाना झाला. पण जुनीची नवी करायचा संच मिळतो. एकेक जुना भाग काढायचा, त्या जागी नव्या मॉडेलचा लावायचा. शेवटी अगदी नवी गाडी होते."

"आणि जुनी?"

"जुनी पण असतेच की तुमच्याकडं," दुकानदार हसला. "सुटी!"

तर त्या रविवारी चिमटीनं पुढचा उजवा हात बसवला. नव्या भागाची भोकं गाडीच्या तळाच्या जुन्या पाटीशी जुळेनात, म्हणून तिला बरीच खटपट करावी लागली. मोडका जुना हात तिनं बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात टाकला. फेकून द्यायला मन होईना.

सोमवारी सकाळी बाबांनी उजव्या हातानं चमचा उचलला.

आईनं तोंडावर हात घेतला आणि मशीनपाशी जाऊन रडून आली. व्यायाम करून घ्यायला येणाऱ्या बाई तर हवेतच होत्या. "म्हटलं नव्हतं मी? रोज केलं की येतं!" चिमटीनं मान डोलावली. ती हिशोबी डोक्याची बाई होती. कवळी बसते ती मापानं, नवसानं नव्हे, असं ती लॅबमधल्या मुलींना सुनावायची. योगायोग असतात, तिनं स्वतःला सांगितलं, आणि कामाला निघून गेली.

मग तिनं पुढचे गुडघे बदलले. बाबा खिडकीचा गज धरून उभे राहिले. मागचे गुडघे बदलले, तर ते भिंतीच्या आधारानं बोळ ओलांडून आले आणि दारात उभे राहून हसले, आता तोंडाच्या दोन्ही बाजूंनी. चिमटीला इतका आनंद झाला की ती त्यांच्या गळ्यातच पडली. योगायोगाचं मात्र ती आता स्वतःशीही काही बोलेना.

त्या आठवड्याच्या सुट्टीला आईनं चहाचा कप चादरीच्या कडेला ठेवला. मग बराच वेळ ती तिथंच घुटमळली.

"आज काय बसवतेस?"

"मागचे हात."

"डावा आधी बसव. त्यांचा डावा खांदा दुखतोय."

चिमटीनं डावा आधी बसवला. दोघींनी एकमेकींकडं पाहिलं नाही. दुसऱ्या दिवशी बाबांनी डाव्या हातानं वरच्या फळीवरचा डबा काढून दिला.

आता इतकं सगळं चांगलं चाललेलं असताना कुरकुर करायची म्हणजे करंटेपणाच. पण चिमटीला बारीक गोष्टी दिसायच्या, तो तिच्या धंद्याचाच भाग होता. बाबांच्या शर्टाची बटणं हल्ली सरळ लागलेली असायची. जन्मात कधी लागली नव्हती! एक काज वर, एक खाली, आणि आई दारातून हाका मारत मागं धावायची, हे वर्षानुवर्षांचं ठरलेलं. दाढी करताना शीळ ऐकू येईना. आणि चष्मा? तो चष्म्याच्या घरात, घर उशाशेजारी, रोज त्याच जागेवर.

"शहाणे झाले," आई म्हणाली. तिचा आवाज मात्र आनंदाचा नव्हता.

मान बसवली त्याच्या दुसऱ्या दिवशी चिमटी कामावर निघाली होती. बाबा आपण होऊन बोळात आले आणि स्वच्छ, खणखणीत आवाजात त्यांनी तिला हाक मारली. चिमटी म्हणून नाही. तिच्या शाळेच्या दाखल्यावर जे नाव आहे, त्या नावानं.

"माझ्यासाठी फार कष्ट घेतलेत तुम्ही," ते म्हणाले. "मी आभारी आहे."

ती थट्टेची वाट बघत उभी राहिली. बाबा असा गंभीर चेहरा करून बोलायचे आणि मग ओठाचा कोपरा हलायचा. तिनं त्या कोपऱ्याकडं बघून घेतलं. तो हलला नाही. बाबांनी तिच्यासाठी दार उघडून धरलं.

पाटीसकट बाकी सगळं बदलून झालं होतं; संचातला शेवटचा भाग खोडीचा होता. नवी खोड गुळगुळीत, काळी, आणि एका बाजूला खाच असलेली. ही खाच असल्यामुळं डबा उलटा बसूच शकत नाही, असं दुकानदारानं कौतुकानं सांगितलं होतं. तो हातात धरून चिमटी कितीतरी वेळ बसली. मग तिनं मनाची समजूत घातली, की अर्धवट काम आहे म्हणून बाबाही अर्धेच आलेत. पुरं झालं की पुरे येतील. तिनं जुनी खोड उचलून बिस्किटांच्या डब्यात ठेवली आणि नवी बसवली.

गाडी पहिल्या फटक्यात सरळ गेली. बाबांनी बोळाच्या टोकापर्यंत नेली, वळवली, परत आणली. कुठं आपटली नाही.

"छान. सरळ जाते," ते म्हणाले. रिमोट टेबलाच्या कडेशी नीट जुळवून ठेवला, खोलीत गेले आणि त्यांनी दार लावून घेतलं. त्या घरात खोलीचं दार दिवसाढवळ्या कुणी कधी लावत नसे.

त्यानंतरचे दिवस फार शांत गेले. बाबा वेळेवर उठायचे, फिरून यायचे, ताट स्वतः उचलून ठेवायचे. आईला "आपण बसा" म्हणायचे. शेजारीपाजारी येऊन बघून जायचे आणि म्हणायचे, नशीब काढलंत.

एका दुपारी चिमटी घरी लवकर आली, तर आई मशीनपाशी नुसतीच बसली होती. सुईत दोरा नव्हता.

"काय झालं गं?"

"काही नाही. माणूस चांगला आहे हो." आईनं बंद दाराकडं पाहिलं आणि आवाज खाली आणला. "काही त्रास नाही. पण मला सारखं वाटत राहतं, हे पाहुणे जाणार कधी?"

चिमटी तिच्याजवळ खाली बसली. आईचे हात गार पडले होते.

"खुर्चीत होते तेव्हा निदान ओरडायचे तरी," आई म्हणाली. "रात्रंदिवस चिमटे, चिमटे. डोकं उठायचं माझं. आता त्यांना काही लागतच नाही. मला माझे ते परत आणून दे. लुळे असले तरी चालतील. मी करीन सगळं. मला कंटाळा नाही."

"हातपाय राहू देत, आई," चिमटी म्हणाली. "फक्त खोड परत घालू."

तिनं कपाटातून बिस्किटांचा डबा काढला. तो कोमट होता. त्या कपाटाला ऊन लागत नाही. आईच्या हातात तिनं तो दिला, आणि आईनं क्षणभर तो पोटाशी धरला.

जुनी खोड नव्या जागेत बसेना, नव्या खोडीच्या खाचेसाठी पाटीवर ठेवलेला उंचवटा आडवा येत होता. चिमटीनं कवळ्या घासायचं लहान मशीन लॅबमधून आणलं आणि तेवढा उंचवटा घासून काढला. पलीकडं बंद दाराआड बाबा दुपारचे पडले होते. मशीनची घरघर चालली तरी आतून हूं का चूं झालं नाही.

"मोठं दातेरी चाक डावीकडं," चिमटी पुटपुटली. "डावीकडंच आहे ना?"

आईनं वाकून बघितलं. "डावीकडंच."

"नक्की?"

"अगं, मला डावं-उजवं कळतं अजून."

झाकण लागलं. स्क्रू बसले. चिमटीनं गाडी बोळात जमिनीवर ठेवली, तोंड खोलीच्या दाराकडं करून, आणि दोघी तिच्या मागं उभ्या राहिल्या. रिमोट आईनं घेतला. आयुष्यात कधी तिनं तो हातात धरला नव्हता.

"पुढं दाब."

आईनं पुढं दाबलं.

गाडी सुसाट मागं आली आणि आईच्या पायावर आदळली.

"अहो, माझे घोटे!" आई किंचाळली, सवयीनं.

आणि मग दोघींना जे हसू फुटलं! चिमटी भिंतीला टेकून खालीच बसली. आईच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. इतक्या वेळा तपासून, दोघींनी मिळून बघून, तरी शेवटी उलटीच! हसता हसता आईनं रिमोट पोटाशी दाबून धरला. गाडी तिच्या टाचेशी अडून अजून मागं येऊ बघत होती, तिची चाकं जागच्या जागी फिरत होती.

तेवढ्यात आतून शीळ ऐकू आली.

बेसूर. तीच.

खोलीचं दार उघडलं.

आधी पाठ दिसली.

बाबा पाठमोरे बाहेर आले. एक पाऊल मागं, मग दुसरं. वाटेत आईचं स्टूल होतं, ते त्यांनी बरोबर चुकवलं. बोळातून ते त्या दोघींकडं येत राहिले, सावकाश, मजेत, एकदाही वळून न बघता.

दोघींपासून हातभर अंतरावर थांबले.

"आधी परत यायला शिकू दे, चिमटे!" ते म्हणाले.

तोच आवाज, हसू दाबलेला. चिमटीला हुंदका फुटला. "बाबा!" तिनं त्यांच्या पाठीवर डोकं टेकलं. शर्टाला त्यांचा वास होता, ग्रीसचा आणि साबणाचा. पाठ हसण्यानं हलत होती.

डोळे पुसून तिनं पेचकस उचलला. उलटी बसलेली खोड उलटून सरळ करायची, बाबा नेहमी करायचे तसं. मग ते वळतील.

आईनं तिचं मनगट पकडलं.

"नको."

"अगं, पण त्यांचं तोंड..."

"नको म्हणते ना. सरळ केलंस तेव्हा काय झालं, बघितलंस." आईनं तिच्या हातातून पेचकस काढून घेतला. "उलटे तर उलटे. आलेत ना?"

"अगं ए," बाबा आईला म्हणाले, "माझा चष्मा बघितलास का? सगळं घर पालथं घातलं मी."

आईचा चेहरा असा उजळला, की तिच्याकडं बघवेना. ती धावतच खोलीत गेली, उशाशेजारचं चष्म्याचं घर घेऊन आली, चष्मा काढून तिनं कापडाच्या तुकड्यानं तो पुसला आणि त्यांच्या पाठीशी उभी राहून पुढं केला.

"घ्या. जागेवरच होता."

बाबांचा हात मागं आला. त्यानं न चाचपडता चष्मा घेतला, काड्या उघडल्या आणि तो डोक्यामागं नेऊन लावला. दोघींच्या बाजूला.

"हां," ते म्हणाले. "आता कशा दोघी नीट दिसताय."

चिमटी हलली नाही.

आई पुढं झाली. कानावरची काडी जराशी तिरकी होती, ती तिनं सरळ केली.

"केस किती वाढलेत हो," ती लाडानं म्हणाली. "डोळ्यांत जातायत." आणि तिनं बोटांनी ते हळूच बाजूला केले.